अतितिखट मिरच्या बियांपासून घरी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर, ट्रिनिडाड स्कॉर्पिअन, हबनेरो या मिरच्यांचं बी आता सहज मिळतं. पण ज्वाला किंवा लवंगीच्या सवयीने ते पेरलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. ही उत्तरं महाराष्ट्रातल्या गच्चीवर, बाल्कनीत किंवा परसात लावणाऱ्यांसाठी आहेत.

अतितिखट म्हणजे नेमकं किती तिखट?

मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिल एककात मोजतात. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही पद्धत काढली. तेव्हा अर्क पातळ करत करत चाखून बघत, आता तिखटपणा देणारं कॅप्सायसिन हे द्रव्य यंत्राने मोजतात. आपल्या ओळखीची गुंटूर सन्नम साधारण ३५ ते ४० हजारांवर असते. भूत जोलोकियाची २००७ ची विक्रमी नोंद १०,०१,३०४ होती आणि कॅरोलिना रीपरची २०१७ ची सरासरी १६,४१,१८३. म्हणजे रीपर गुंटूरच्या चाळीसपट. २०२३ मध्ये पेपर एक्स या मिरचीने २६,९३,००० चा आकडा गाठला, पण तिचं बी निर्मात्याने विक्रीला काढलेलं नाही. त्या नावाने पाकीट दिसलं तर पैसे घालवू नका.

गुंटूर सोडून या सगळ्या कॅप्सिकम चायनेन्स या जातीतल्या (भूत जोलोकियात कॅप्सिकम फ्रुटेसेन्स या जातीचाही थोडा अंश आहे). नावात चीन असला तरी मूळ अॅमेझॉनच्या खोऱ्यातलं. दमट, उबदार, अर्धवट सावलीतलं झाड. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुटतात.

बी कधी पेरायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बी कधी उगवेल याचा विचार न करता फूल कोणत्या महिन्यात येईल याचा हिशेब करा. या झाडाला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने लागतात आणि फूल धरल्यापासून मिरची पिकायला आणखी दोन महिने. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर तापमान गेलं की परागकण निकामी होतात, फुलं गळतात. रात्री १५ च्या खाली गेलं तरी तेच. आपल्याकडे फुलाला मानवणारे काळ दोनच: सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य.

म्हणून पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागात १५ मे ते १५ जून ही पेरणीची सर्वांत चांगली वेळ. मे महिन्यातली उष्णता फुलाला नको असते, पण घरातलं ३० अंशांचं तापमान बी रुजायला लागतंच. पावसाळ्यात रोप आडोशाला वाढतं, ऑगस्टअखेर मोठ्या कुंडीत जातं आणि ऑक्टोबरात फुलतं. विदर्भ, मराठवाड्यात मे महिन्यात खोलीसुद्धा ३५ च्या वर तापते, त्यामुळे पहिला पाऊस पडून हवा उतरल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात तापमानाची अडचण नाही, पण रोपं छपराखालीच ठेवावी लागतील.

ही वेळ हुकली तर सप्टेंबरात पेरा. झाड थंडीत हळू वाढेल आणि फेब्रुवारीत फुलेल. जानेवारी-फेब्रुवारीतली पेरणी टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात झाड हिरवंगार दिसतं, फुलांनी भरतं आणि एकही मिरची धरत नाही.

बी खरं आहे हे कसं ओळखायचं?

पाकिटावरून नाही ओळखता येत. निळ्या, काळ्या, इंद्रधनुषी मिरच्यांचे फोटो लावून विकलं जाणारं बी घेऊ नका. जातीचं नाव, पॅकिंगची तारीख आणि उगवण टक्केवारी लिहिणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या.

खात्री झाड फुलल्यावर पटते. साध्या मिरचीला (कॅप्सिकम अॅन्युअम) पेराशी सहसा एकच, शुभ्र पांढरं फूल येतं. चायनेन्सला एका पेराशी दोन ते पाच फुलं झुपक्याने येतात, ती खाली झुकलेली आणि हिरवट पांढरी असतात. मिरची धरली की देठ आणि टोपी जुळते तिथे एक आवळलेली कडी स्पष्ट दिसते. ही कडी नसेल आणि फुलं एकेकटी असतील तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, झाड रीपरचं नाही.

परदेशातून येताना बी आणलं तर चालेल?

परवानगीशिवाय नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाण्याला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मिरचीचे काही विषाणू बियातून येतात, त्यामुळे हा नियम कागदी समजू नका.

ईशान्येतून आणलेल्या सुक्या भूत जोलोकियातलं बी उगवेल का?

उन्हात सुकवलेली असेल तर शक्यता बरी आहे. धुरावर सुकवलेली असेल तर उष्णतेने बी मेलेलं असतं. नागालँडची राजा मिर्ची, मणिपूरची उमोरोक ही याच गोतावळ्यातली. ताजी, पूर्ण लाल मिळाली तर तिचं बी उत्तम.

पेरणी कशी करायची?

आधी भिजवण. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम १३:०:४५ (म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं) विरघळवा, त्यातलं वाटीभर घेऊन बी २४ तास भिजत ठेवा. याने बियाची सुप्तावस्था मोडायला मदत होते. तरंगणारं बी लगेच फेकू नका, चायनेन्सचं हलकं बीसुद्धा पुष्कळदा उगवतं.

कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. त्यातला क्षार राहिला तर कोंबाचं टोक करपतं. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत मिसळा. ओलावा किती हवा ते मुठीने ठरवा: मिश्रण घट्ट दाबलं की बोटांमधून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. ५० खणांच्या ट्रेमध्ये किंवा तळाला भोकं पाडलेल्या कागदी कपात भरा, प्रत्येकी एक बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, वरून तेच मिश्रण भुरभुरवा. दडपू नका. जातीचं नाव आणि तारीख लगेच लिहा, कारण रोपं मोठी होईपर्यंत सगळी एकसारखीच दिसतात.

ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लॅस्टिक घाला आणि २७ ते ३२ अंशांच्या जागी ठेवा. उजेडाची अजून गरज नाही. रोज दहा मिनिटं झाकण उघडा. वरचा थर फिका पडला तरच फवाऱ्याने पाणी द्या.

तीन आठवडे झाले, काहीच उगवलं नाही. बी वाया गेलं का?

नाही. ज्वाला आठवड्यात वर येते, या मिरच्यांना दोन ते सहा आठवडे लागतात, आणि एकाच पाकिटातल्या दोन बिया तीन आठवड्यांच्या अंतराने उगवू शकतात. उकरून बघण्याचा मोह आवरा. तेवढ्यात नवं मूळ तुटतं.

तापमान मात्र तपासा, तेही मिश्रणात तापमापक खुपसून. खोली २८ अंश असली तरी सतत ओलं राहणारं कोकोपीट २४-२५ वर उतरतं. पुण्याकडच्या पावसाळ्यात उशिरा पेरणाऱ्यांची उगवण इथेच अडते. फ्रिजच्या वरची जागा किंवा रोपांसाठी मिळणारी गरम चटई, दोन्ही चालतात. चटई ३० वर ठेवा. ३५ च्या पुढे गेली तर बी शिजतं.

कोंब आला, पण बियाचं टरफल पानांवर अडकून बसलंय.

पेरणी फार उथळ झाली किंवा झाकण लवकर काढलं की असं होतं. टरफलावर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा थेंब ठेवा आणि वर झाकण घाला. एक-दोन दिवसांत ते मऊ पडून आपोआप सुटतं. सुकं असताना ओढलंत तर दोन्ही दलं बरोबर येतील.

काल ठणठणीत असलेली रोपं आज आडवी पडली आहेत.

खोड मातीलगत बारीक, पाणचट तपकिरी झालं असेल तर ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी जास्त ओलाव्यात आणि कोंदट हवेत वाढतात. आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. ते मिश्रणासकट काढा, बाकीची उघड्या हवेत घ्या, पाणी ट्रेच्या तळातून द्या आणि लहान पंखा लांबून सोडा. पेरताना मिश्रणात किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला असता तर धोका पुष्कळ कमी झाला असता. पुढच्या वेळी तेवढं करा. निम्म्याहून जास्त रोपं उगवली की झाकण काढायलाच हवं.

रोपं लांबुडकी आणि फिकी का होतात?

उजेड कमी. कोंब दिसल्या दिवसापासून सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन हवं. पावसाळी अंधारात २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून १०-१२ सेंटिमीटरवर लावा, रोज १४ तास.

कुंडी केवढी आणि माती कशी?

दोन ते तीन जोड्या खरी पानं आली की ५ इंची कुंडीत, रोप वीतभर झालं की शेवटच्या जागी. शेवटची कुंडी २० ते २५ लिटरची हवी. १२ बाय १२ इंचांची ग्रो बॅग पुरते. दहा लिटरच्या कुंडीत झाड जगतं, पण दुपारी रोज मान टाकतं आणि मिरच्या मोजक्याच धरतं. सुरुवातीलाच इवलंसं रोप मोठ्या कुंडीत लावू नका, न वापरलेली माती ओली राहून मुळं कुजतात.

माती: ४ भाग लाल किंवा पोयट्याची माती, ३ भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ३ भाग धुतलेलं कोकोपीट, कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलं असावं, हातात घेतल्यावर वास येता कामा नये. नुसती काळी माती नको, पावसात तिचा निचरा होत नाही.

पाणी आणि खत?

वरचा दोन इंचांचा थर सुकला की भरपूर पाणी द्या, तळातून निथळेपर्यंत. मग पुन्हा वाफसा येईपर्यंत थांबा. रोज पेलाभर देणं सर्वांत वाईट. वर ओल, खाली मुळं कोरडी. बशी ठेवली असेल तर तिच्यातलं पाणी ओतून द्या.

दोन खरी पानं आल्यावर आठवड्याला एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरला अर्धा ग्रॅम. मोठ्या कुंडीत गेल्यावर लिटरला एक ते दीड ग्रॅम, दहा दिवसांनी. कळ्या दिसल्या की हे थांबवून १३:०:४५ लिटरला एक ग्रॅम, आणि मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट एक ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फरस असलेल्या खतात कधीही मिसळू नका, गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. पानं गडद हिरवी, झाड झुडपासारखं भरलेलं आणि कळी एकही नाही, असं असेल तर नत्र जास्त झालंय: महिनाभर फक्त पाणी द्या.

पूर्ण ऊन द्यायचं का?

पाच-सहा तासांचं ऊन भरपूर झालं. मार्च ते मे ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधाच. कुंडीच्या भिंतींना ऊन लागलं तर मुळं आतून भाजतात, म्हणून काळ्या कुंड्यांभोवती गोणपाट गुंडाळा.

फुलं भरपूर येतात आणि सगळी गळतात.

आधी महिना बघा. एप्रिल-मे किंवा कडाक्याची थंडी असेल तर झाडाची काही चूक नाही. पाणी-सावली सांभाळा आणि वाट पाहा. हवामान ठीक असूनही गळत असतील तर तीन गोष्टी तपासा. पाण्याची ओढाताण: एक दिवस सुकवलं, दुसऱ्या दिवशी भिजवलं. जास्त नत्र. आणि वारा किंवा मधमाशी न पोचणारी बंद बाल्कनी. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण पराग झडायला हलकासा धक्का लागतो. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फांदीला बोटाने टिचकी मारा किंवा मऊ ब्रश फुलांवरून फिरवा. कोकणात दमट हवेने पराग चिकटून बसतो, तिथे याचा फरक लगेच दिसतो. फुलाच्या आत काळसर ठिपक्यांसारखे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे; पुढचं उत्तर वाचा.

पानं वळतात, चुरगळतात. बोकड्या पडलाय का?

आपण सगळ्यालाच बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो, पण त्यामागे तीन वेगळी कारणं असतात आणि उपायही वेगळे. औषध आणण्याआधी शेंड्याकडचं पान उलटून बघा.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल आणि मागची बाजू चंदेरी-तपकिरी चकाकत असेल तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. पांढऱ्या कागदावर फांदी झटका; मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर धागे चालताना दिसतील. झाडाच्या उंचीवर निळा चिकट सापळा लावा आणि संध्याकाळी दर पाच दिवसांनी १०,००० पीपीएमचं निंबोळी तेल लिटरला ३ मिली, थोड्या द्रव साबणाबरोबर, पानांच्या खालून फवारा. एका फवारणीत भागत नाही, निदान तीन हव्यात.

कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि कडक झालं असेल, देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे माइट. हा डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंग लागतं. यावर कीटकनाशकं चालत नाहीत, कारण कोळी हा कीटक नव्हे. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा. पारा ३२ च्या वर असताना किंवा तेल फवारून दोन आठवडे झाले नसताना गंधक मारू नका, पानं करपतात.

पानं बारीक, शिरांमधली जागा पिवळी, पेरं आखूड आणि झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू. याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधा आणि टाका, कंपोस्टमध्येही नको. मन होत नाही, पण ठेवलंत तर शेजारची सगळी झाडं जातील. लहानपणापासून पिवळे सापळे लावणं आणि रोपांना बारीक जाळीत ठेवणं हाच इलाज.

शेंडा खुडावा का?

सहसा नाही. ही झाडं स्वतःहून फांदी फोडतात आणि खुडल्याने फुलं दोन-तीन आठवडे लांबतात.

शेजारी लावली तर ढोबळी मिरचीही तिखट होईल का?

नाही. फळ कसं असावं हे ज्या झाडाला ते लागतं त्या झाडावर ठरतं. संकर झाला तर तो बियात असतो, दुसऱ्या वर्षी दिसतो. म्हणूनच बी धरायचं असेल तर कळ्या उमलण्याआधी फांदीला जाळीची पिशवी बांधा, फळं धरली की काढा आणि त्या फळांना दोरा बांधून खूण ठेवा. बी सावलीत आठवडाभर सुकवून हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं.

मिरची धरली, पण म्हणावी तशी तिखट नाही.

हिरवी तोडलीत का? पूर्ण रंग आल्यावर आणखी चार-पाच दिवस झाडावर राहू द्या. हवामानाचाही मोठा वाटा असतो. आसामात तेजपूरला आणि ग्वाल्हेरला भूत जोलोकिया लावून तुलना केली गेली, तेव्हा ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिखटपणा निम्म्याहून खाली आला होता. कोरड्या भागात झाडाभोवती आच्छादन आणि बाजूला पाण्याची घमेली ठेवून दमटपणा राखा. पाणी तोडून तिखटपणा वाढवण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. या जातीत त्याची खात्री नाही, फूलगळ मात्र नक्की होते.

तिखटपणा बियात नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात तिथे तयार होतो. चव बघायची तर टोकाचा कण घ्या, गाभ्याकडचा नव्हे.

हाताळताना काय काळजी घ्यायची?

नायट्राइलचे हातमोजे घाला. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून हात झोंबले तर आधी गोडेतेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा, आणि हे दोनदा करा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, आग थांबली नाही तर डॉक्टर गाठा. डोळ्यात दूध घालू नका. तोंड पोळलं तर सायीचं दूध किंवा दही, पाणी नाही.

ही मिरची बंद स्वयंपाकघरात परतू किंवा भाजू नका. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर ठसका गंभीर ठरू शकतो. मिक्सरमध्ये वाटल्यावर झाकण दहा मिनिटांनी उघडा.

अख्खी खाऊन बघायला हरकत आहे का?

आहे. २०१८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ३४ वर्षांच्या माणसाची नोंद आली. स्पर्धेत रीपर खाल्ल्यावर त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसल्या आणि असह्य डोकेदुखी सुरू झाली. पैजा लावू नका. एक किलो कैरीच्या लोणच्याला पाव मिरचीपासून सुरुवात करा. चायनेन्सला जर्दाळूसारखा फळाचा सुगंध असतो, तो जपायचा तर मिरची शेवटी घाला.

साठवण कशी करायची?

ताज्या मिरच्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून फ्रीजरमध्ये टाका, वर्षभर टिकतात. या मिरच्यांची साल सुरकुतलेली आणि गर ओलसर, त्यामुळे अख्ख्या उन्हात वाळवल्या तर आतून बुरशी धरतात. हातमोजे घालून उभ्या चिरा आणि ५०-५५ अंशांवर डिहायड्रेटरमध्ये, हवेशीर जागी, कडक होईपर्यंत सुकवा.

एक झाड किती वर्षं टिकतं?

आपल्या हवेत तीन-चार वर्षं सहज. मार्चअखेर शेवटची तोडणी झाली की बऱ्याच जणांना झाड संपलं असं वाटतं. तसं नाही. उन्हाळाभर जाळीखाली जगवा. जूनच्या पहिल्या पावसानंतर जाड फांद्या एक फुटावर छाटा, कापांना हळद किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, वरची दोन इंच माती काढून नवं गांडूळखत भरा. मुळं आधीच तयार असल्याने या झाडाला सप्टेंबरातच फुलं लागतात, बियापासूनच्या रोपाच्या महिनाभर आधी. विषाणू लागलेलं झाड मात्र छाटून ठेवू नका, नव्या फुटीतही रोग तसाच येतो.